गैरहजेरी माफ असलेला गेम: एका निवडीचं प्रकरण

प्रकरण माझ्या आतेबहिणीचं आहे. घरात सगळे तिला ताई म्हणतात, तेव्हा इथेही ताईच. कॉलेजात असताना ती वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायची, लिच किंगचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा भाग, जोरात होतं त्या काळात. पंचवीस जणांची रेड, म्हणजे मिळून करायची मोठी मोहीम, ठरलेल्या रात्री ठरलेल्या वेळी हजर, आणि ही हीलर, बाकीच्यांवर उपचार करणारी. हीलर उशिरा आली की चोवीस माणसं खोळंबतात, त्यामुळे तिने म्हणे एकदाही दांडी मारली नाही. पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला, खेळणं सुटलं. आता लेक शाळेत जाते आणि ताईला पुन्हा एखादा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम हवाय. या प्रकारातले गेम मी बरीच वर्षं खेळतो, म्हणून विचारणा माझ्याकडे आली.

तिची परिस्थिती अशी. काम फिरत्या पाळीचं. खेळायला मिळणार अर्धा-पाऊण तासाचे तुकडे, आठवड्याला जमून-जमून चार तास. सुट्टीच्या दिवशी कधी सलग दोन तास मिळाले तर मिळाले. मधूनच उठावं लागणार, तेही सांगून-सवरून नाही. काही आठवडे हात लागणारच नाही. लॅपटॉप साधा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आणि एक जुनी मैत्रीण, त्याच रेडमधली, जी गेली काही वर्षं फायनल फँटसी १४ मध्ये मुक्काम ठोकून आहे आणि ताईला तिकडे ओढतेय.

शेवटची अट ताईच्याच शब्दांत: "मला पहिलं यायचं नाहीये. पण पाहुणी असल्यासारखंही वाटायला नको."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. कॅज्युअल खेळाडू म्हटलं की लोक सोपा गेम सुचवतात. ताईला सोपं नको होतं. पंचवीस जणांना जिवंत ठेवलेली बाई आहे ती. तिला कौशल्याची कमी नव्हती, कमी होती ती सलग वेळेची. दोन्हींवर उपाय वेगवेगळे.

काय विचारायचं

अशा वेळी लोक पहिल्यांदा कोणता गेम सध्या चालतोय ते बघतात. त्या वाटेने मी फार लांब गेलो नाही. न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी ९ लाखांहून जास्त लोक आत होते, सर्व्हरबाहेर तासन्‌तास रांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने नवं काही बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. वाइल्डस्टार २०१४ मध्ये कट्टर रेडवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून काढला, चाळीस जणांच्या रेडसकट. २०१८ मध्ये बंद. पहिल्या महिन्याच्या गर्दीवरून गेम पुढे टिकेल की नाही ते कळत नाही. ताईच्या वेगाने खेळणाऱ्याला तर गेम टिकायलाच हवा, कारण इतरांनी तीन महिन्यांत संपवलेलं तिला दोन वर्षं पुरणार.

दुसरी सवय म्हणजे खेळाडूचा स्वभाव ओळखणं. गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाई करणारे, धुंडाळणारे, माणसं जोडणारे आणि दुसऱ्यांना मारण्यात मजा घेणारे. वर्गीकरण चांगलंच आहे, अजून वापरतात. पण रात्रपाळी करून आलेली ताई आणि सुट्टीच्या दुपारची ताई या दोन वेगळ्या खेळाडू आहेत. एकीला तळ्याकाठी मासे पकडायचे असतात, दुसरीला ड्रॅगन मारायचा असतो.

म्हणून मी प्रश्न उलटा धरला. ताई खेळत असताना गेम काय देतो ते बाजूला ठेवू. ती नसताना गेम काय करतो? तिची गैरहजेरी तीन तऱ्हेची असणार होती. लढाईच्या मधूनच उठून जाणं, दोन-चार मिनिटांचं. मग तीन-चार आठवडे राहून जाणं. आणि कधीतरी, परीक्षा-आजारपण-बदली काहीतरी निघून, वर्षभर सोडूनच देणं. प्रत्येक गेमला या तिन्हींबद्दल विचारायचं. ग्राफिक्स, गोष्ट, लढाईची मजा हे सगळं त्यानंतर.

जुनं घर

वॉरक्राफ्टचा विचार आधी करणं भागच होतं, ताईचा जीव तिथे अडकलेला. जुनं खातं उघडलं तर तिची प्रीस्ट, म्हणजे तिचं जुनं हीलर पात्र, यादीत शाबूत होती, पण कुलूपबंद: पैसे न भरता फक्त लेव्हल २० पर्यंतचीच पात्रं खेळता येतात. शिवाय तिचा मानाचा आकडाही खाली आलेला. २०२० मध्ये ब्लिझार्डने, म्हणजे वॉरक्राफ्टच्या कंपनीने, सगळ्यांच्याच लेव्हल आक्रसवल्या, १२० चे ५० झाले.

गैरहजेरीच्या बाबतीत हा गेम एके काळी फार शहाणा होता. चाचणीच्या काळात बराच वेळ खेळलं की अनुभवाचे गुण कमी मिळत, खेळाडू दमला म्हणून. लोक वैतागले. मग तीच व्यवस्था उलटी करून सांगितली: विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट गुण. सरायीत लॉगआउट केलं की दर आठ तासांना एका लेव्हलच्या ५ टक्के इतका विश्रांतीचा साठा वाढतो, दीड लेव्हलपर्यंत. न खेळणाऱ्याला बक्षीस देणारी ही कल्पना २००४ पासून आजपर्यंत चालू आहे आणि नंतर कितीतरी गेमनी उचलली.

अडचण लेव्हल संपल्यावर सुरू होते. वरच्या पायरीवर काही महिन्यांचे सीझन असतात, आठवड्याचं बक्षीस ग्रेट व्हॉल्ट नावाच्या तिजोरीतून मिळतं, आणि चुकलेला आठवडा परत येत नाही. सीझन बदलला की कष्टाने मिळवलेली चिलखतं मागे पडतात. न्यायाने सांगायचं तर गेल्या काही वर्षांत ब्लिझार्डने कॅज्युअल लोकांसाठी बरंच केलंय. जानेवारी २०२४ पासून संगणकाने चालवलेल्या साथीदारांसोबत डंजन, म्हणजे चार-पाच जणांची छोटी मोहीम, करता येतं, आणि त्याच वर्षीच्या द वॉर विदिन या एक्सपान्शनमध्ये आलेल्या डेल्व्ह नावाच्या छोट्या मोहिमा एकट्याने पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. दहा वर्षांपूर्वीचा वॉरक्राफ्ट मी ताईला सुचवलाच नसता, आजचा विचार करण्यासारखा आहे.

पण मासिक वर्गणी. इथे नुसता पैशांचा हिशोब नाही. आठवड्याला तीस तास खेळणाऱ्याच्या तुलनेत चार तास खेळणाऱ्याला तासाचा दर सात-आठपट पडतो, तेही एक वेळ चाललं असतं. वर्गणीचं मीटर मात्र ताई पाळीवर असतानाही पळत राहतं. महिन्याच्या वीस तारखेला लक्षात येतं की आपण दोनदाच आत गेलो, आणि मग थकलेलं असतानाही "पैसे भरलेत तर थोडं खेळू" म्हणून बसणं सुरू होतं. करमणुकीची हजेरी लावायला लागली की ती करमणूक राहत नाही. ताईला हे लगेच पटलं. "रेड सोडली तेव्हा मला खेळ सुटल्याचं वाईट वाटलं नव्हतं," ती म्हणाली, "माणसं सुटल्याचं वाटलं होतं." जुन्या घराचा प्रश्न तिथे मिटला.

मैत्रिणीचा गेम

फायनल फँटसी १४ वर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. मैत्रीण तिथे होती हे एक, आणि त्याची मोफत चाचणी विलक्षण मोठी आहे हे दुसरं. २०१० मध्ये आलेला मूळ गेम सपशेल पडला, २०१२ च्या अखेरीस बंद केला, आणि निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्या हाताखाली २०१३ मध्ये अ रेल्म रीबॉर्न नावाने नव्याने उभा राहिला. आज मूळ गेम, हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड ही दोन एक्सपान्शन, लेव्हल ७० पर्यंतचं सगळं चाचणीत मिळतं, वेळेची मर्यादा नाही. बंधनं आहेत: फ्री कंपनीत, म्हणजे तिथल्या गिल्डमध्ये, खेळाडूंच्या कायमच्या संघात, शिरता येत नाही, मार्केट बोर्ड हा खेळाडूंचा बाजार वापरता येत नाही, ३ लाखांच्या वर गिल, म्हणजे तिथली नाणी, साठत नाहीत. ताईच्या वेगाने हे वर्ष-दीड वर्षाचं खाद्य.

आणि योशिदा यांनी उघडपणे म्हटलंय की वर्गणी बंद करा, दुसरे गेम खेळा, मोठं अपडेट आलं की परत या. गेम बनवणाऱ्याच्या तोंडून हे क्वचित ऐकू येतं. अर्थात त्याच गेममध्ये घर घेतलं आणि ४५ दिवस पाऊल टाकलं नाही तर घर पाडलं जातं. जागा कमी आहेत, म्हणून. ताईला म्हटलं, तू घराच्या नादी लागू नकोस.

लॅपटॉपची शंका आधी मिटवली. २०२४ च्या डॉनट्रेल या एक्सपान्शनसोबत या गेमचं ग्राफिक्स सुधारलं तसा भारही वाढला. संगणकाला गेम पेलेल का ते तपासणारं कंपनीचं मोफत बेंचमार्क आहे, ते चालवून बघितलं. सगळं खालच्या सेटिंगवर ठेवलं तर निभेल, इतपत उत्तर आलं.

ताई गेममधल्या ग्रिडानिया शहरात कॉन्जरर या पेशाने सुरू झाली आणि लेव्हल ३० ला त्याचाच पुढचा पेशा, व्हाइट मेज. हीलरच, दुसरं काय! उठून जाण्याची सोय इथे अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. मुख्य कथेतली डंजन २०२२ पासून टप्प्याटप्प्याने संगणकी साथीदारांसोबत करता यायला लागली आहेत, आणि हे साथीदार भलते समजूतदार. दोन झुंडींच्या मध्ये ताई उठून दहा मिनिटांनी आली तरी ते तिथेच उभे. अनोळखी माणसांबरोबर तेच डंजन करताना उठलात तर उरलेले तिघे खोळंबतात, आणि सोडून गेलात तर अर्धा तास पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही. ताईने अनोळखी माणसांसोबतची डंजन सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवली.

वर्षभर सोडण्याचा प्रश्नही फारसा नाही. कथा जिथे सोडली तिथेच थांबते, चाचणीला मुदत नाही.

अडलं ते मधल्या गैरहजेरीत. लेव्हल पन्नाशीच्या पुढे असताना ताईचे तीन-चार आठवडे कामात गेले. परत आली तेव्हा पडद्यावर दोन ओळी भरून चित्रं आणि त्यातलं निम्मं काय करतं ते आठवेना. कोणता उपचार ताबडतोब लागू होतो, कोणता सावकाश, संकटात कोणतं बटण. तसंच कथेचं. हेवन्सवर्डमध्ये राजकारण दाट आहे. समोर एक सरदार गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगतोय आणि ताई मला फोन करून विचारतेय, "हा आपल्या बाजूचा ना?" सरायीत एक पुस्तक आहे, त्यातून जुने प्रसंग पुन्हा बघता येतात. तिने बघितले. पाऊण तास त्यातच गेला.

आता हा दोष म्हणायचा का? जो रोज खेळतो त्याला ही बटणं म्हणजेच गंमत आहे. आठवड्याला चार तासवाल्याची गाठ मात्र विसरण्याशी असते, आणि कोणत्याही परीक्षणात याचा उल्लेख मी वाचलेला नाही. परतल्यावर हात बसायला किती वेळ लागतो? पाऊण तासाच्या बैठकीत पाऊण तास लागत असेल, तर प्रत्येक बैठक ही फक्त उजळणीच.

मैत्रिणीचं काय झालं? ती डॉनट्रेल संपवून बसलेली, ताई चार-पाच एक्सपान्शन मागे. या गेममध्ये मुख्य कथा पूर्ण केल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही, त्यामुळे मैत्रीण बोलावते तिथे ताईला जाताच येईना. पहिले काही आठवडे दोघी एकाच गेममध्ये असून एकत्र अशा नव्हत्याच. मैत्रिणीचा आग्रह, पैसे भरून पूर्ण गेम घे, फ्री कंपनीत ये, निदान गप्पा तरी होतील. त्या वेळी सवलतही चालू होती.

इथे मी मोडता घातला. पूर्ण गेम घेतला की त्या खात्यावरून चाचणीत परत जाता येत नाही. पहिले तीस दिवस संपले की वर्गणी भरा, नाहीतर लेव्हल ७० पर्यंतचं जे फुकट खेळत होतात तेही बंद. म्हणजे गैरहजेरी माफ करणारं खातं देऊन गैरहजेरीचे पैसे लावणारं घ्यायचं. शिवाय हा गेम स्टीमवर घेतला तर पुढची एक्सपान्शनही स्टीमवरच घ्यावी लागतात. सवलतीच्या घाईत लोक हे बघत नाहीत.

झटपट निकालात काढलेले

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या कसोटीवर फार चांगला उतरतो. २०१४ मध्ये वर्गणीसह आला, २०१५ मध्ये सक्तीची वर्गणी काढली, आणि २०१६ च्या वन टॅमरिएल अपडेटनंतर कोणत्याही लेव्हलला कुठेही जाता येतं. चिलखतांची कमाल पातळी २०१६ पासून हललेली नाही, तेव्हा वर्षभराने आलात तरी पेटीतलं सामान चालतं. त्रास पिशव्यांचा. कच्चा माल इतका गोळा होतो आणि अमर्याद साठवण फक्त ईएसओ प्लस नावाच्या ऐच्छिक वर्गणीत, त्यामुळे पाऊण तासातली वीस मिनिटं सामान आवरण्यात जातात. ताईच्या लॅपटॉपवर तेवढी जागाही नव्हती. दुसरा लॅपटॉप असता तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

ओल्ड स्कूल रूनस्केप फोनवर चालतो, २०१८ पासून, त्याच खात्याने. झाडावर एकदा बोट ठेवलं की पात्र लाकूड तोडत राहतं, आपण चहा घ्यावा. उठून जाणं हीच तिथली मुख्य पद्धत! पण कौशल्याच्या ९९ लेव्हल, आणि ९२ ला पोचलात की गुणांच्या हिशोबात जेमतेम निम्मी वाट झालेली. ताईने एक दुपार झाडं तोडली आणि म्हणाली, हे कामावरच्या नोंदवहीसारखं आहे.

ईव्ह ऑनलाइनमध्ये तुम्ही झोपलेले असतानाही कौशल्यं शिकून होतात, कागदावर हे आदर्श. पण जहाज फुटलं की कायमचं गेलं, आणि लेकीने हाक मारली म्हणून उठायचं तर अवकाशातले चाचे थांबत नाहीत. लॉस्ट आर्कला रोजची कामं फार. चुकवली तर विश्रांतीचा साठा भरतो खरा, तरी कामं ती कामंच.

दलदलीतला राक्षस

गिल्ड वॉर्स २ हा २०१२ चा गेम. वर्गणी कधीच नव्हती, आणि २०१५ पासून मूळ भाग मोफत. मोफत खात्यात दोनच पात्रं आणि व्यापारावर बंधनं, पण ८० व्या लेव्हलपर्यंतचे नकाशे खुले. पहिल्या दिवशीची कमाल लेव्हल ८० होती, आजही ८० आहे. सर्वोच्च दर्जाचं सामान २०१२ च्या नोव्हेंबरपासून यायला लागलं, त्या दर्जाच्या वर आकड्यांची शिडी कंपनीने वाढवलेली नाही. कोणी २०१३ मध्ये गेम सोडून आज परत आला तरी त्याचं पात्र आकड्यांत फारसं मागे पडलेलं नसेल. वर्षभराच्या गैरहजेरीवर याहून साफ उत्तर मला कुठे सापडलं नाही.

पण मला बघायची होती ती लढाईतून उठण्याची कसोटी, आणि ती क्वीन्सडेलच्या दलदलीत आपसूक झाली. तिथे दर दोन तासांनी शॅडो बेहेमथ नावाचा धूड येतो. आधी जांभळी दारं उघडतात, त्यातून सटरफटर प्राणी निघतात, ती दारं फोडायची, मग चिखलातून तो स्वतः वर येतो. ताई तेव्हा पंधरा-सोळा लेव्हलची, गार्डियन वर्गाची. भोवती तीस-चाळीस माणसं, त्यांतली बरीचशी ८० लेव्हलची. हा गेम वरच्यांना त्या नकाशाच्या लेव्हलला खाली आणतो, त्यामुळे त्यांचा एक फटका आणि राक्षस आडवा असं होत नाही. गट जमवायचा नाही, कोणाला विचारायचं नाही, जाऊन मारायला लागायचं.

ऐन रंगात लेकीची हाक आली. ताई लॅपटॉप तसाच उघडा टाकून गेली. मी शेजारी बसून बघत होतो, हात लावला नाही. पात्र दोन फटक्यांत लोळलं, मग मेलं. तेवढ्यात एक कोणीतरी वाकून बसलं आणि तिला उठवायला लागलं, पाठोपाठ दुसरं. इथे कोणत्याही पात्राला कोणालाही उठवता येतं आणि उठवणाऱ्यालाही त्याचे गुण मिळतात, लुटीत वाटेकरी वाढला म्हणून कोणाचं काही कमी होत नाही. ताई परतली तेव्हा पात्र उभं होतं आणि राक्षस शेवटच्या घटकेला. चार फटके तिनेही मारले. पेटी तिलाही उघडता आली.

"शिव्या नाही दिल्या कोणी?" तिने विचारलं. पंचवीस जणांच्या रेडमध्ये वाढलेल्या हीलरचा तो पहिला प्रश्न होता.

बटणांचा हिशोबही बरा. हातातल्या शस्त्राची पाच, एक उपचाराचं, तीन निवडीची, एक मोठं. वर्गाची चार-दोन वेगळी. शस्त्र बदललं की पहिली पाच बदलतात, पण एका वेळी डोळ्यांसमोर तेवढीच. तीन आठवड्यांनी आल्यावर एखाद्या गावाबाहेर दोन डाकू मारले की हात बसतो. एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बंद करून घ्या: दिशेचं बटण दोनदा दाबलं की पात्र कोलांटी मारतं, आणि नवखा माणूस कड्यावरून थेट खाली जातो. लॅपटॉपसाठी आजूबाजूच्या पात्रांची संख्या आणि दर्जा कमीत कमी ठेवला. राक्षसाभोवतीची निम्मी गर्दी दिसेनाशी झाली, पण पंखा शांत झाला.

उणिवाही तितक्याच ठळक. मूळ मोफत भागातली कथा फायनल फँटसीच्या शेजारी ठेवली तर फिकी वाटते, आणि कथेचा टप्पा अर्धवट सोडला तर बहुधा सुरुवातीपासून करावा लागतो. पुढच्या कथेचे मधले हंगाम वेगळे विकत घ्यावे लागतात, हे विकत घेतानाही धड समजत नाही. पुढच्या एक्सपान्शनमधल्या मोठ्या घटना ठरलेल्या वेळापत्रकाने चालतात आणि काहींना तास-दीड तास लागतो. ताईच्या तुकड्यांत त्या बसत नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट, ८० झाल्यावर हा गेम हात सोडून देतो. पुढचं चिलखत मिळवा अशी शिडी नाही, म्हणजे पुढची पायरीही नाही. काहींना तिथे मोकळं वाटतं, काहींना पोरकं. २०२३ पासून विझर्ड्स व्हॉल्ट नावाची रोजची, आठवड्याची आणि हंगामाची कामांची यादी आहे, तिने थोडी दिशा मिळते. ताईला मी सांगितलं, रोजच्या यादीकडे बघूच नकोस, हंगामाची यादी महिनोन्‌महिने उघडी असते, तेवढी पुरे.

ठरलं ते

एक गेम निवडायला बसलो होतो, निघाले दोन. कामाच्या दिवसांतले अर्ध्या तासाचे तुकडे गिल्ड वॉर्सला. सुट्टीचे सलग दोन तास फायनल फँटसीच्या चाचणीला, मैत्रिणीसोबत. दोन्हीकडे वर्गणी नाही, म्हणून हे परवडतं. वर्गणीचे दोन गेम कॅज्युअल माणसाने एकदम धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रिणीची अडचण मैत्रिणीनेच सोडवली. त्या गेममध्ये एकाच पात्राला सगळे पेशे शिकता येतात. तिने कधी हात न लावलेला टँकचा, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्याचा, पेशा काढला, ताईच्या लेव्हलला आणला आणि आता दोघी मिळून डंजन करतात: ती टँक, ही हीलर, उरलेले दोघे अनोळखी. मैत्रिणीचा पेशा वाढतो, ताईला ओळखीचं माणूस मिळतं. वरच्या लेव्हलच्या खेळाडूने खाली उतरून उपकार केल्यासारखं यात काही नाही, आणि ताईला नको होतं ते पाहुणेपण त्यामुळेच आलं नाही.

मधे पुन्हा एक मोठा खंड पडला. गिल्ड वॉर्समध्ये ती त्याच संध्याकाळी रुळली. फायनल फँटसीत व्हाइट मेजची बटणं परत विसरली होती, तर या वेळी तिने पुस्तक उघडलं नाही. दुसरा एक पेशा पहिल्या लेव्हलपासून सुरू केला, तीन-चार बटणांचा, आणि हात बसल्यावर मग जुन्याकडे वळली. ही युक्ती तिची स्वतःची.

ज्याच्याकडे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हक्काच्या मोकळ्या आहेत आणि जो मधून उठत नाही, त्याला मी हे उत्तर देणार नाही. त्याने वॉरक्राफ्ट किंवा पूर्ण फायनल फँटसी घ्यावा, चांगली गिल्ड शोधावी; ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटण्याची मजा गिल्ड वॉर्सच्या गर्दीत नाही. तिथली माणसं तुम्हाला उठवतात, पण नाव विचारत नाहीत.

खरेदी एकच झाली. ८० लेव्हल झाल्यावर ताईने पाथ ऑफ फायर घेतलं, त्यासोबत हार्ट ऑफ थॉर्न्सही मिळतं. कारण वाहनं: २०१७ च्या या एक्सपान्शनपासून ती आली, आणि अर्ध्या तासातला चालण्याचा वेळ त्यांनी वाचतो. ८० होण्याआधी मी घेऊ दिलं नाही. एक्सपान्शनसोबत अनेकदा थेट वरच्या लेव्हलला नेणारा बूस्ट मिळतो, आणि तो वापरला की सगळी बटणं एकदम अंगावर येतात, म्हणजे तीन आठवड्यांनी परतल्याचा अनुभव पहिल्याच दिवशी. घेताना तिने आपलं मूळ खातंच वापरलं. या गेममध्ये स्टीमवर उघडलेलं खातं आणि कंपनीकडे थेट उघडलेलं खातं वेगळी असतात, एकावर घेतलेलं दुसऱ्यावर दिसत नाही.

फ्री कंपनीचं आमंत्रण अजून येतंच. ताई दर वेळी सांगते, स्टॉर्मब्लड संपू दे. तिचा वेग बघता ते यंदा काही संपत नाही, आणि मैत्रिणीलाही ते ठाऊक आहे.